उन्हाळीचा खरा हिशेब

तीन वर्षांपूर्वी वैशाखात, कोरडवाहू भागातील एका गावी शेतकऱ्यांची सभा होती. हिरवळीच्या खतांवर मला बोलावयाचे होते. सभेच्या जागेवरून समोरचे बांध दिसत होते. सारे शिवार करपून गेले असता त्या बांधांवर उन्हाळीची झुडपे मात्र हिरवी उभी होती. बोलण्याच्या भरात मी त्यांच्याकडे बोट दाखविले आणि म्हणालो, "हा पाहा तुमचा युरियाचा कारखाना. जी गोणी तुम्ही विकत आणता ती तुमच्याच बांधावर फुकट उभी आहे." सभेला ते वाक्य आवडले. खरे सांगावयाचे तर मलाही आवडले.

पुढील खरिपात त्या गावच्या एका शेतकऱ्याने माझे म्हणणे शब्दशः खरे मानले. बांधावरची सगळी उन्हाळी कापून त्याने ती आपल्या एक हेक्टर बाजरीच्या वावरात पसरली आणि युरिया आणलाच नाही. श्रावणात मी त्या बाजूस गेलो तेव्हा त्याची बाजरी पिवळी पडली होती. शेजाऱ्याची हिरवीगार होती. मी काही बोलण्यापूर्वी तोच म्हणाला, "साहेब, बांध केवढा अन् वावर केवढं, याचा हिशेब आधी करायला पाहिजे होता." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. परंतु जो हिशेब मी करावयास हवा होता तो त्याने केला, आणि त्याची किंमतही त्यानेच दिली.

तो हिशेब आज येथे मांडावयाचा आहे. उन्हाळीविषयी आपल्याकडे दोन प्रकारची वागणूक आढळते. पुष्कळजण तिला तण समजून उपटतात, जाळतात किंवा तिच्यावर तणनाशक मारतात. थोडेजण, आणि त्यांत माझ्यासारखे अधिकारीही आले, तिची वाजवीपेक्षा अधिक स्तुती करतात. माझ्या मते दोन्ही चुका सारख्याच घातक आहेत. पहिलीमुळे एक उपयुक्त वनस्पती हातची जाते आणि दुसरीमुळे शेतकऱ्याचा विश्वास हातचा जातो. उन्हाळी ही गरिबाची, हलक्या जमिनीची व धिम्या चालीची वनस्पती आहे. तिला तिच्या योग्य जागी लावले तर ती आपले काम चोख करते. तिच्याकडून नको ती अपेक्षा केली तर ती व आपण दोघेही फजीत होतो.

ओळख

उन्हाळी म्हणजेच संस्कृत ग्रंथांतील शरपुंखा. शास्त्रीय परिभाषेत तिला टेफ्रोसिया पर्पुरिया म्हणतात. कमरेच्या आतबाहेर उंचीचे हे बहुवर्षायू झुडूप रस्त्याच्या कडेला, माळावर, मुरमाड उतारावर आणि बांधावर आपोआप उगवते. पान संयुक्त असते. मधल्या देठाच्या दोन्ही बाजूंस लहान पर्णिकांच्या जोड्या आणि शेवटी एक पर्णिका अशी त्याची रचना असते. फुले जांभळट गुलाबी रंगाची, वाटाण्याच्या फुलाच्या घडणीची पण लहान असतात. शेंगा चपट्या, किंचित वाकलेल्या व बोटाच्या दोन पेरांएवढ्या असतात.

ओळख पटविण्याची एक सोपी खूण तिच्या नावातच आहे. शर म्हणजे बाण व पुंख म्हणजे बाणाच्या मागील पिसांचा भाग. एक पर्णिका घेऊन तिचे टोक हळूच ओढावे. ती आडवी सरळ न फाटता शिरांच्या दिशेने तुटते आणि तुटलेल्या कडेस बाणाच्या पुंखासारखा कोन होतो. शाळेतील मुलांना ही खूण एकदा दाखविली की ती पुन्हा विसरत नाहीत.

मुळांवरील गाठी

शेंगा येणारी प्रत्येक वनस्पती जमिनीस नत्र देते, असा एक सरसकट समज आहे. तो बरोबर नाही. पावसाळ्यात गावोगाव माजणाऱ्या टाकळ्यास शेंगा येतात, चिंचेसही येतात; परंतु या दोहोंच्या मुळांवर गाठी होत नाहीत, म्हणून हवेतील नत्र बांधण्याचे काम त्यांच्याकडून होत नाही. हे काम वनस्पती स्वतः करीत नसून तिच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू करतात. जर्मनीतील हेलरिगेल व विल्फार्थ या शास्त्रज्ञांनी १८८८ साली ही गोष्ट निर्विवादपणे मांडली आणि त्याच वर्षी हॉलंडमधील बायेरिंक यांनी ते जीवाणू गाठींतून वेगळे काढून दाखविले. झाडाने जीवाणूंस साखर पुरवावयाची व जीवाणूंनी झाडास नत्र द्यावयाचे, असा हा व्यवहार आहे.

उन्हाळीच्या मुळांवर अशा गाठी होतात. चवळी, मूग, भुईमूग यांच्या मुळांवर जे जीवाणू राहतात त्याच गटातील जीवाणू उन्हाळीलाही चालतात. ही पिके आपल्याकडे पूर्वापार असल्यामुळे बहुतेक जमिनींत ते असतातच, आणि वेगळे जीवाणू खत न लावताही गाठी होतात.

आपल्या शेतातील झुडूप खरोखर काम करीत आहे की नाही हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. पावसाळ्यात पुरेशी ओल असताना एक कोवळे रोप मुळांसकट, माती न झटकता, खुरप्याने खणून काढावे. मुळे पाण्यात हलक्या हाताने धुवावीत व एक गाठ नखाने फोडावी. आतून ती गुलाबी किंवा तांबूस दिसली तर तेथे नत्र बांधण्याचे काम चालू आहे. पांढरी, हिरवट किंवा तपकिरी असली तर ते काम अद्याप सुरू झालेले नाही किंवा संपलेले आहे. जमिनीत स्फुरदाची फार उणीव असली तरी गाठी नीट होत नाहीत.

बांध केवढा आणि वावर केवढे

आता मुख्य हिशेब पाहू. उन्हाळीच्या वाळलेल्या पाल्यात साधारण २.४ टक्के नत्र असते. तागात ते २.६ व धैंचात ३.३ टक्क्यांच्या जवळपास धरतात. म्हणजे पाल्याच्या कसात उन्हाळी तागाहून थोडीच उणी आहे. खरा फरक उत्पन्नात आहे. ताग व धैंचा चांगल्या पावसात किंवा पाण्याखाली सहा ते आठ आठवड्यांत हेक्टरी १० ते १५ टन हिरवा पाला देतात. उन्हाळी धिमी वाढते आणि तिचे सरासरी उत्पन्न हेक्टरी ३ ते ४ टनच धरावे लागते.

एक टन हिरवा पाला वाळल्यावर अदमासे पाव टन, म्हणजे २५० किलो राहतो असे धरू. त्याच्या २.४ टक्के म्हणजे ६ किलो नत्र. यावरून एक हेक्टर दाट उन्हाळीपासून १८ ते २४ किलो नत्र मिळेल. युरियात ४६ टक्के नत्र असते; म्हणजे ४५ किलोच्या गोणीत सुमारे २० किलो. तेव्हा पूर्ण एक हेक्टर उन्हाळी म्हणजे युरियाची सुमारे एक गोणी, असा हा हिशेब आहे.

आता बांधाचे पाहू. एक हेक्टरचे वावर १०० मीटर लांब व १०० मीटर रुंद धरले तर चारही बाजूंचा बांध ४०० मीटर होतो. त्यावर एक मीटर रुंदीचा उन्हाळीचा पट्टा सलग व दाट आहे असे मानले, तरी त्याचे क्षेत्र ४०० चौरस मीटर, म्हणजे हेक्टराचा पंचविसावा भाग. त्यातून मिळणारा हिरवा पाला १२० ते १६० किलो आणि त्यातील नत्र एक किलोच्या आतबाहेर. दोन किलो युरियात तेवढे नत्र येते. हलक्या जमिनीतील कोरडवाहू बाजरीस हेक्टरी ४० किलो नत्राची शिफारस आहे. ज्या शेतकऱ्याला मी कारखाना दाखविला होता त्याच्या हाती ४० पैकी एक किलो आले होते. शिवाय सामाईक बांधाचा निम्मा पाला शेजाऱ्याचा, हेही मी त्या दिवशी विसरलो होतो.

याहून आणखी दोन वजावटी आहेत. पाल्यातील सर्व नत्र पहिल्याच हंगामात पिकास मिळत नाही. पाला कुजेल तसतसे ते सुटते आणि काही भाग पुढील हंगामांसाठी जमिनीत राहतो. आणि पाला मातीत न मिसळता उघड्यावर वाळू दिला तर त्यातील थोडे नत्र हवेत निघून जाते.

मग ती लावावयाची कोठे?

एवढे वाचून कोणी म्हणेल की मग उन्हाळीच्या नादी लागावयाचेच कशाला? तसे मुळीच नाही. हिशेब चुकला तो वनस्पतीच्या गुणाचा नव्हे, जागेचा. ताग व धैंचा जेथे होत नाहीत अशी जागा आपल्याकडे थोडी नाही, आणि उन्हाळीची जागा तीच आहे.

तिचे मोठे गुण तीन आहेत. एक, मुरमाड व हलक्या जमिनीत, थोड्या पावसावर ती तग धरते. तिचे सोटमूळ खोल जाते व उन्हाळ्यातही झुडूप जिवंत राहते. दोन, ती बहुवर्षायू असल्याने आणि तिचे बी आपोआप पडून उगवत असल्याने दरवर्षी बियाण्याचा खर्च पडत नाही. तीन, जनावरे तिला सहसा तोंड लावीत नाहीत. हा तिसरा गुण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सुगी संपली की आपल्या गावांतून जनावरे मोकळी सुटतात व सारे शिवार चराईचे होते. कुंपणाशिवाय पेरलेले दुसरे कोणतेही हिरवे पीक त्या दिवसांत टिकत नाही. हिरवळीच्या खताची शिफारस आपण वर्षानुवर्षे करतो आणि ती कागदावरच राहते, याचे एक कारण शेतकऱ्याचा आळस नसून हे मोकळे शिवार आहे. त्या शिवारात कुंपणावाचून उभे राहणारे हे खत आहे.

तथापि पाला जेथे वाढतो तेथेच वापरला गेला पाहिजे, ही गोष्ट मी मुख्य मानतो. पडीक माळावर ३ टन पाला झाला आणि तो पलीकडच्या वावरात न्यावयाचा म्हटले, तर २० किलोचा एक असे १५० भारे होतात. ते भारे बहुधा घरातील बायांच्याच डोक्यावरून जावयाचे असतात. एका गोणीभर नत्रासाठी १५० खेपा घालण्याचा सल्ला सभेत देणे सोपे आहे. तो देणाऱ्याने निदान दहा भारे स्वतः वाहून पाहावेत.

म्हणून पहिली जागा म्हणजे फळबाग. आंबा, काजू, सीताफळ, बोर यांच्या बागा पुष्कळदा हलक्या, उताराच्या किंवा मुरमाड जमिनीत असतात आणि ओळींमधील जागा मोकळी असते. आंब्याची १० मीटर अंतरावर लावलेली बाग घेतली तर हेक्टरी १०० झाडे बसतात. झाडांच्या घेराची जागा वजा करून उरलेल्या भागात उन्हाळीचा २ टन पाला मिळाला, तरी प्रत्येक झाडास २० किलो हिरवा पाला येतो. त्यात सुमारे १२० ग्रॅम नत्र असते. म्हणजे पाव किलो युरिया. परंतु युरियाच्या पाव किलोबरोबर न येणारी एक वस्तू येथे मिळते, ती म्हणजे झाडाच्या आळ्यावर पसरलेले पाच किलो कोरडे सेंद्रिय आच्छादन. ते ऊन अडविते, ओल धरते आणि कुजून मातीत जाते. पाला वाहण्याचे अंतर चार पावलांचे. येथे हिशेब जमतो.

दुसरी जागा म्हणजे एकपिकी भातजमीन. तमिळनाडूत या वनस्पतीस कोळिंजी म्हणतात, आणि वर्षातून भाताचे एकच पीक घेतल्या जाणाऱ्या तेथील जमिनींत, विशेषतः हलक्या पोताच्या शेतांत, हिरवळीचे खत म्हणून ती घेतात. एकदा बसली की ती आपल्याच बियांपासून पुन्हा उगवते व पुढील भातापूर्वी नांगरून गाडली जाते. येथे पाला वाहण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्या कोकणात व पूर्व विदर्भात भातकापणीनंतर रिकामी राहणारी शेते पुष्कळ आहेत. तमिळनाडूचा पाऊस व आपला पाऊस एकसारखा नाही. तेव्हा सगळ्या शेतात एकदम न पेरता प्रथम एका गुंठ्यात पेरून पाहावे, आणि कापणीनंतरच्या ओलीवर ती कितपत तग धरते हे एक वर्ष डोळ्यांनी पाहून मगच पुढे जावे.

तिसरी जागा म्हणजे वरकस व पडीक जमीन, जी आज ना उद्या लागवडीखाली आणावयाची आहे. तेथील उन्हाळी कापून नेऊ नये. तिचा पाला तेथेच गळू द्यावा, तिची मुळे तेथेच कुजू द्यावीत. दोन-चार वर्षे विश्रांती घेणाऱ्या जमिनीत काही तरी उपकारक उभे राहावे, एवढाच येथे हेतू.

आणि बांध? बांधावर ती अवश्य असू द्यावी, परंतु खतासाठी नव्हे. मुंबई राज्यात १९४२ साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला, तेव्हापासून सार्वजनिक पैशाने व लोकांच्या श्रमाने आपल्याकडे बांधबंदिस्तीची किती तरी कामे झाली. तो बांध पावसात वाहून जाऊ नये म्हणून त्यावर मुळे हवीत. दरवर्षी खरवडून, पेटवून किंवा तणनाशक मारून उघडा केलेला बांध दिसावयास स्वच्छ दिसतो खरा, पण पहिल्या जोराच्या पावसात त्याची माती वावरातून ओढ्याकडे निघते. बांधावरची उन्हाळी ती माती धरून ठेवते आणि बागेसाठी व भातशेतासाठी बी पुरविते. बांधावरून पालाच काढावयाचा असेल तर गिरिपुष्प लावावे. ते झाड असल्यामुळे उंच वाढते व वर्षातून अनेक छाटण्या देते; त्याच्या वाळलेल्या पाल्यात नत्रही २.९ टक्क्यांच्या सुमारास असते. चारसूत्री भातलागवडीत त्याच्या पाल्याला स्थान मिळाले ते याच गुणांमुळे. उन्हाळीने गिरिपुष्पाशी स्पर्धा करावी असा आग्रह धरू नये.

बी व पेरणी

बी धरण्यासाठी बांधावरची निरोगी झुडपे राखून ठेवावीत. शेंगा पिवळट तपकिरी होऊ लागल्या की सकाळी दव असताना तोडाव्यात. उन्हे चढल्यावर वाळक्या शेंगा तडकून बी उडून जाते. तोडलेल्या शेंगा कापडावर वाळवून झोडाव्यात.

उन्हाळीच्या बियांचे कवच मेणचट व कठीण असते. त्यातून पाणी आत शिरत नाही. तसेच पेरलेले बी कित्येकदा त्या वर्षी उगवतच नाही आणि शेतकरी ते खोटे समजतो. म्हणून पेरणीपूर्वी कवच सैल करणे आवश्यक आहे. याच्या दोन रीती आहेत. पहिली, बी जाड वाळूत मिसळून कवच खरवडेपर्यंत, पण दाणा न फुटेल अशा बेताने, गोणपाटावर चोळावे. दुसरी, पाणी उकळून भांडे चुलीवरून खाली घ्यावे, फडक्यात सैल बांधलेले बी त्यात दोन ते तीन मिनिटे बुडवावे, लगेच थंड पाण्यात काढावे व सावलीत सुकवावे. यापेक्षा अधिक वेळ ठेवल्यास बी मरते. सगळ्या बियाण्यावर प्रयोग करण्यापूर्वी १०० दाणे घेऊन ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत आणि किती मोड येतात ते मोजावे. हा आठवड्याचा विलंब पुढील वर्षभराची निराशा वाचवितो.

सलग पेरावयाचे झाल्यास हेक्टरी ३० किलो, म्हणजे गुंठ्यास सुमारे ३०० ग्रॅम बी लागते. पावसाळ्याच्या आरंभी जमीन वखरून बी फोकावे किंवा उथळ ओळींत पेरावे. खोल पेरू नये. पहिल्या दोन महिन्यांत रोपे फार हळू वाढतात व गवताखाली दबतात, म्हणून एक खुरपणी द्यावीच लागते. पहिल्या वर्षी कापणीची घाई करू नये. दुसऱ्या वर्षापासून, फुले येण्याच्या सुमारास, जमिनीपासून वीतभर बुंधा राखून कापावे म्हणजे पुन्हा फुटवा येतो. शेंगा भरल्यावर कापले तर खोड लाकडासारखे होते, लवकर कुजत नाही, आणि कुजताना जमिनीतील उपलब्ध नत्र काही काळ अडवून धरते. झाडाच्या आळ्यात पाला पसरल्यावर त्यावर मातीचा पातळ थर द्यावा.

सावधगिरी

उन्हाळीत मासे गुंगविणारी द्रव्ये आहेत, आणि मासेमारीसाठी तिचा असा उपयोग केला गेला आहे. म्हणून मासे पाळलेल्या शेततळ्यात किंवा त्यात उतरणाऱ्या पाटात तिचा पाला टाकू नये. जनावरे ती खात नाहीत हा खतासाठी गुण असला तरी चाऱ्याच्या दृष्टीने उणीवच होय; ज्या माळावर गावची जनावरे चरतात तो सगळा उन्हाळीखाली आणू नये. तिचे बी जमिनीत पुष्कळ काळ टिकते, म्हणून भाजीपाल्याच्या किंवा नेहमीच्या पिकांच्या वावरात तिला शेंगा धरू देऊ नयेत. आयुर्वेदात यकृत व प्लीहा यांच्या विकारांवर शरपुंखेचा उपयोग सांगितला आहे. परंतु तो विषय वैद्यांचा आहे. कृषी कार्यकर्त्याने शेतकऱ्यास काढा सांगू नये.

कार्यकर्त्यांस विनंती

गावपातळीवर काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांस शेवटी दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत.

पहिली, उन्हाळीस तणांच्या यादीतून बाहेर काढा. बांध स्वच्छ करण्याच्या कार्यक्रमात, वनीकरणाच्या खड्ड्यांभोवती, फळबागेच्या आंतरमशागतीत तिच्यावर विळा किंवा फवारा चालविण्यापूर्वी ती ओळखा व ओळखावयास शिकवा. गावातील एखादा बांध बियाण्यासाठी राखून ठेवण्याचे ग्रामपंचायतीस सुचवा. त्यास खर्च काहीच नाही.

दुसरी, तिच्याविषयी बोलताना आकडे बरोबर घेऊन जा. एक हेक्टर म्हणजे एक गोणी. बांध म्हणजे दोन किलो. हे आकडे सभेस टाळ्या मिळवून देणारे नाहीत. परंतु सभा संपल्यावर शेतकरी घरी जातो, आपले वावर डोळ्यांपुढे आणतो आणि आपल्या बोलण्याचे माप त्या वावरावर घालून पाहतो. ते माप एकदा खोटे निघाले की पुढच्या वेळी आपण माती परीक्षणाविषयी सांगितले काय किंवा बीजप्रक्रियेविषयी सांगितले काय, तो ऐकून घेतो आणि करीत काहीच नाही. रासायनिक खत अजिबात सोडा असे उन्हाळी सांगत नाही. माती परीक्षणाप्रमाणे ठरेल तेवढे खत द्यावे, आणि सेंद्रिय द्रव्याची जी उणीव गोणीने भरून येत नाही ती भरून काढण्यास उन्हाळीसारख्या वनस्पतींची जोड घ्यावी, हाच मध्यममार्ग मला योग्य वाटतो.

ज्या शेतकऱ्याने मला हिशेब शिकविला त्याच्याकडे मी गेल्या वर्षी पुन्हा गेलो होतो. बाजरीला तो आता शिफारशीप्रमाणे नत्र देतो. बांधावरची उन्हाळी मात्र त्याने उपटलेली नाही. तिचे बी धरून विहिरीच्या वरच्या अंगाच्या मुरमाड तुकड्यात, सीताफळाच्या ओळींमध्ये त्याने ते टाकले आहे. किती उगवले असे मी विचारले. तो म्हणाला, "पहिल्या साली काहीच नाही. मग गरम पाण्यातून काढून टाकलं, तवा उगवलं." गरम पाण्याची रीत त्या पहिल्या सभेत मी सांगितलीच नव्हती, त्याने ती दुसऱ्या कोणाकडून तरी मिळविली होती. ज्या भाषणात कारखान्याचे वाक्य बसले, त्यात या एका उपयोगी गोष्टीस जागा उरली नव्हती. पुढच्या सभेस जाताना मी शंभर दाणे व एक ओला गोणपाट बरोबर नेणार आहे.